छायाप्रकाशाचे उपासक : कै. दादासाहेब फाळके आणि आपले मावळ



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र छापण्याचा प्रघात आहे. बहुधा ते चरित्र आपल्याच ज्ञातीतील एखाद्या कर्त्या गृहस्थाचे असते, आणि ते योग्यही आहे. या वर्षी मात्र ज्यांचे चरित्र मी आपणांपुढे ठेवीत आहे, ते आपल्या ज्ञातीतील नव्हते. त्यांचा जन्मही मावळात झाला नव्हता. परंतु त्यांच्या आयुष्यातील एक महत्त्वाचे वळण आपल्या लोणावळ्यात घडले. ही गोष्ट आपल्याच मुलांना ठाऊक नसावी, याची मनाला खंत वाटते. त्यांच्या नावाने भारत सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देते. ते गृहस्थ म्हणजे कै. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके.

चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वांच्या मुखी आहे. पण चित्रपट काढण्यापूर्वीची त्यांची वीस वर्षे स्थिर छायाचित्रण, ठसे करणे व छपाई यांत गेली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या वीस वर्षांचा पाया नसता, तर पुढची इमारत उभी राहिलीच नसती. म्हणून या लेखात त्या पायाचाच विचार मुख्यत्वे करावयाचा आहे.

धुंडिराज यांचा जन्म ता. ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबक या क्षेत्री झाला. वडील गोविंद सदाशिव तथा दाजीशास्त्री हे व्युत्पन्न संस्कृत पंडित. मातोश्रींचे नाव द्वारकाबाई. घरात पोथ्यापुराणांचे वातावरण. एकीकडे ब्रह्मगिरीचा डोंगर, दुसरीकडे गोदावरीचा उगम, आणि वर्षभर चाललेली यात्रेकरूंची वर्दळ, अशा परिसरात या मुलाचे डोळे उघडले. पुढे दाजीशास्त्र्यांची मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि सारे कुटुंब मुंबईस आले.

शास्त्र्याच्या मुलाने शास्त्री व्हावे, निदान वकिली किंवा सरकारी चाकरी करावी, अशी त्या काळची रीत. परंतु धुंडिराजाचा ओढा चित्रकलेकडे होता. वडिलांनी तो मोडून न काढता मुलाला १८८५ साली सर जे. जे. कलाशाळेत घातले, हे विशेष होय. दाजीशास्त्र्यांच्या या एका निर्णयाचे उपकार आपणा सर्वांवर आहेत, असे मला वाटते. पुढे वडील बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर धुंडिराज बडोद्यास गेले. तेथे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघालेल्या कलाभवनात त्यांनी तैलरंग व जलरंग यांतील चित्रकला, मूर्तिकाम आणि वास्तुरचना यांचे शिक्षण घेतले. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे मोठे गुणग्राही गृहस्थ होते.

१८९० च्या सुमारास धुंडिराज यांच्या हाती पहिला कॅमेरा आला. आजच्या मुलांना त्या काळच्या कॅमेऱ्याची कल्पना येणे कठीण. आज खिशातील दूरध्वनीवर बोट टेकले की चित्र उमटते. तेव्हा लाकडी पेटी, तिला कातडी भाता, खाली तिपाई, आणि आत फीत नव्हे तर रसायन लावलेली काच असे. चित्र घेणाऱ्याने काळ्या कापडाखाली डोके घालावे, धुरकट काचेवर उलटे दिसणारे चित्र नीट जुळवावे, मग प्रकाशाचा अंदाज मनाशी बांधून भिंगाचे झाकण काढावे आणि मोजून पुन्हा लावावे. प्रकाश किती व किती वेळ, हे सांगणारे हुकमी साधन सामान्य छायाचित्रकाराच्या हाती नव्हते; ते डोळ्यांनी आणि अनुभवानेच शिकावे लागे. सकाळचे ऊन वेगळे, दुपारचे वेगळे. पावसाळ्यानंतरचे स्वच्छ आकाश वेगळे, उन्हाळ्यातील धुळकट आकाश वेगळे. डोंगराचे किंवा देवळाचे चित्र घ्यावयाचे तर सूर्य कोणत्या बाजूस असता दगडांवरचे कोरीव काम उठून दिसते, हे ओळखून तासन्‌तास थांबावे लागे. एवढे करून घरी आल्यावर अंधारखोलीत काच धुतल्याशिवाय श्रम सार्थकी लागले की वाया गेले, हे कळत नसे.

ही सारी विद्या धुंडिराज यांनी मोठ्या चिकाटीने साध्य केली. जेथे गुरू मिळाला तेथे गुरूपाशी, आणि जेथे गुरू नव्हता तेथे पुस्तकापाशी ते शिकले. आणि पुस्तकही अपुरे पडले तेथे स्वतःच्या चुकांपाशी शिकले. गज्जरांनी त्यांना ठसे करण्याची व छायाशिळाछापाची कला शिकण्यासाठी रतलामला धाडले. तेथून परतल्यावर कलाभवनाची प्रयोगशाळा त्यांना वापरावयास दिली. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाचा नमुना करून त्यांनी सुवर्णपदक मिळविले.

परंतु कला साधणे निराळे आणि कलेवर पोट भरणे निराळे. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. लवकरच प्लेगाची साथ आली, आणि तीत त्यांची प्रथम पत्नी व मूल दोघेही गेली. तिशीच्या उंबरठ्यावर घर असे उद्ध्वस्त झाले. बडोद्यास परतून पुन्हा दुकान मांडले, तर लोकांच्या मनात कॅमेऱ्याविषयी भलताच समज. चित्र काढले की अंगातील शक्ती शोषली जाते आणि आयुष्य कमी होते, अशी भीती त्या काळी सर्रास होती. गिऱ्हाईकच येईना. तेव्हा त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून, आपल्याच आडनावाची अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोगही केले. लोकांना हा धरसोडपणा वाटला असेल. परंतु पडदे रंगविताना नाटकातील देखाव्याची जाण आली, आणि जादूमुळे डोळ्यांना चकविण्याची युक्ती कळली. पुढे या दोन्ही गोष्टी त्यांना किती उपयोगी पडल्या, हे त्यांचे चित्रपट पाहिले म्हणजे समजते.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातील गिरिजा करंदीकर ही मुलगी सरस्वतीबाई फाळके झाली. या माउलीविषयी पुढे सविस्तर सांगावयाचे आहे.

१९०३ साली धुंडिराज यांना सरकारच्या पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. प्राचीन देवळे, लेणी, शिल्पे यांची चित्रे व आराखडे तयार करणे, हे अशा कामाचे स्वरूप. त्यांच्या स्वभावाला मानवेल अशी ही चाकरी होती. पगार नियमित, प्रतिष्ठाही बरी. परंतु १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि देशात स्वदेशीचे वारे वाहू लागले. परक्या सरकारची चाकरी त्यांच्या मनाला बोचू लागली. १९०६ च्या सुमारास त्यांनी राजीनामा दिला, आणि स्वतःचा छापखाना काढण्याच्या निश्चयाने ते आपल्या लोणावळ्यास आले.

लोणावळ्यासच का आले, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर मळवली या आपल्या लहानशा स्टेशनात सापडते. सुप्रसिद्ध चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत जर्मन यंत्रे व जर्मन कारागीर आणून देवादिकांची रंगीत चित्रे छापण्याचा कारखाना काढला होता. मुंबईत १८९६ साली प्लेगाने थैमान मांडले, आणि त्याच काळात, १८९९ साली, हा कारखाना कार्ले-भाज्यांच्या लेण्यांजवळ, लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी मळवलीस आला. पुढे थोड्याच वर्षांत कर्जामुळे रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकला. म्हणजे फाळके लोणावळ्यास आले तेव्हा कारखान्याला नाव रविवर्म्यांचे असले, तरी मालकी श्लायशर यांची होती. खुद्द रविवर्मा १९०६ साली ऑक्टोबरात निवर्तले.

आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबापणजोबांच्या घरी देव्हाऱ्याजवळ कमळावर उभी असलेली लक्ष्मी किंवा मोराजवळ बसलेली सरस्वती फ्रेम करून लावलेली असे. ती चित्रे बहुधा याच मळवलीच्या छापाची, किंवा त्यांची नक्कल असत. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत कोणी येऊ देत नव्हते, त्यांच्याही घरी थोड्या पैशांत देव येऊन बसला, तो या छापखान्यामुळे. ही सामाजिक गोष्ट लहान नव्हे, आणि तिचा एक उगम आपल्या मावळात आहे.

फाळके यांनी लोणावळ्यात भागीदारीत ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ हा छापखाना सुरू केला. रविवर्मा छापखान्यासाठी छायाशिळाछापाचे काम करून देणे, हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. हे काम काय असते ते थोडक्यात सांगतो. तेल व पाणी एकत्र मिसळत नाहीत, या साध्या नियमावर शिळाछापाची सारी किमया उभी आहे. सपाट घासलेल्या विशिष्ट दगडावर स्निग्ध द्रव्याने चित्र उमटवावयाचे, मग दगड ओला करावयाचा. चित्राच्या जागी पाणी ठरत नाही, म्हणून तेथे शाई धरते. बाकीच्या जागी पाणी असते, म्हणून तेथे शाई धरत नाही. वर कागद दाबला की चित्र उठते. रंगीत चित्र असेल तर एकेका रंगासाठी निराळा दगड, आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे. हे चित्र दगडावर हाताने न काढता छायाचित्राच्या साहाय्याने उतरविणे, हे फाळक्यांचे कौशल्य.

पुढे त्यांनी हाफटोन ठसे व तिरंगी छपाई यांचे कामही सुरू केले. छायाचित्रात काळ्यापांढऱ्याच्या मध्ये असंख्य छटा असतात. छापखान्याची शाई मात्र एकतर उमटते किंवा उमटत नाही. तेव्हा बारीक उभ्याआडव्या रेघा आखलेल्या काचेतून चित्र घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके करावयाचे. ठिपके दाट व मोठे तेथे सावली, बारीक व विरळ तेथे उजेड. तिरंगी छपाईत एकाच चित्राची निरनिराळ्या रंगांच्या काचांतून तीन छायाचित्रे घेऊन पिवळा, तांबडा व निळा असे तीन ठसे करावे लागतात. त्यात केसाइतकी चूक झाली तरी देवाच्या ओठांचा रंग गालावर जातो. आपल्या घाटमाथ्यावरील पावसाळा तर सर्वांना परिचित आहे. दमट हवेत कागद फुगतो आणि रंग जागेवर बसणे अवघड होते. अशा ठिकाणी हे काम करणाऱ्याच्या सोशिकपणाची कल्पना ज्याची त्याने करावी.

मला विचाराल तर लोणावळ्याने फाळक्यांना दोन गोष्टी दिल्या. कोट्यवधी लोकांच्या मनातील देवांना डोळ्यांसमोर उभे करता येते, आणि ते पाहावयास लोक आतुर असतात, ही एक जाण. कलेला यंत्राची जोड दिली तर ती एका घरापुरती न राहता साऱ्या देशाची होते, ही दुसरी. रविवर्म्यांच्या छापखान्यात देव कागदावर स्थिर उभे होते. त्यांना चालतेबोलते करण्याचे काम पुढे फाळक्यांनी केले. बोलते करणे त्या काळी शक्य नव्हते. चालते मात्र त्यांनी केलेच.

व्यवसाय वाढल्यावर छापखाना मुंबईस दादरला गेला. पुरुषोत्तम मावजी हे नवे भागीदार झाले, आणि छापखान्याचे नाव ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाले. नवी यंत्रे व नवे तंत्र पाहण्यासाठी फाळके जर्मनीसही जाऊन आले. कामाचा लौकिक झाला. परंतु भागीदारांशी मतभेद झाले, तेव्हा स्वाभिमानी फाळके सर्वस्व सोडून बाहेर पडले. दुसऱ्या धनिकांनी नवा छापखाना काढून देण्याची तयारी दाखविली. पण जुन्या भागीदाराशी स्पर्धा करावयाची नाही, या शब्दाला जागून त्यांनी नकार दिला. वय चाळिशीच्या पुढे, घरात मुलेबाळे, आणि उत्पन्न शून्य.

१९११ सालच्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमारास, गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. ख्रिस्ताची मूर्ती पडद्यावर हालत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. दुसऱ्यांदा तो चित्रपट पाहावयास ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. चित्रपटविद्येच्या मुळाक्षरांवरील इंग्रजी पुस्तके त्यांनी वाचून काढली, रोज तासन्‌तास चित्रपट पाहिले, रात्री जागून प्रयोग केले. या अतिश्रमाने त्यांच्या डोळ्यांवर एवढा ताण पडला की काही काळ दृष्टीच गेल्यासारखी झाली. सुदैवाने उपचारांनी ती परत आली. प्रकाशावर जगणाऱ्या माणसाने त्या अंधाऱ्या दिवसांत काय भोगले असेल, याचा विचार मनात आला की अंगावर शहारे येतात.

भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी एक साधा पण डोळे उघडणारा प्रयोग केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर रोखून ठेवला, आणि महिनाभराहून अधिक काळ नियमाने थोडी थोडी चित्रे घेतली. ती फीत पडद्यावर दाखविताच बी रुजले, कोंब वर आला, पाने फुटली आणि वेल झाला, हे सारे मिनिटभरात लोकांनी पाहिले. ‘अंकुराची वाढ’ म्हणून हा लघुपट प्रसिद्ध आहे. निसर्गाची जी क्रिया आपल्या डोळ्यांना दिसत नाही, ती त्यांनी दाखविली. हे काम घाईच्या माणसाचे नव्हे. वीस वर्षे उजेडाची वाट पाहत उभे राहण्याची सवय असलेल्या छायाचित्रकाराचेच ते काम.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी विलायतेस प्रयाण केले. लंडनमध्ये ओळखदेख नसता ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. तेथील संपादक कॅबोर्न यांनी प्रथम या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला. परंतु यांची तयारी पाहून पुढे मनापासून मदत केली आणि सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. विल्यमसन कॅमेरा व फितीला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेऊन १ एप्रिल १९१२ रोजी फाळके परतले.

‘राजा हरिश्चंद्र’ या पहिल्या चित्रपटाची कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे. तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना. शेवटी साळुंके नावाच्या तरुणाने ती भूमिका केली. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके झाले, आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. दादरच्या मथुराभवनात देखावे उभे केले होते, आणि बाहेरची दृश्ये वांगणी गावी घेतली. सारे चित्रण सूर्यप्रकाशात झाले. ढग आला की काम थांबे. सिनेमात काम करतो असे सांगितले तर लोक नावे ठेवीत, म्हणून मंडळींनी आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगावे, अशी युक्ती काढली होती. सहा महिने सत्तावीस दिवस खपून सुमारे ३७०० फूट लांबीचा चित्रपट पुरा झाला. ता. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया नाट्यगृहात निमंत्रितांसाठी तो दाखविण्यात आला, आणि ता. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात सर्वांसाठी लागला.

येथे सरस्वतीबाईंचे स्मरण न केले तर हे चरित्र अपुरे राहील. भांडवल कमी पडले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने पुढे केले. कारखान्यातील साठसत्तर माणसांचा स्वयंपाक रोज त्या करीत. उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहत, जेणेकरून नटांच्या तोंडावर उजेड पडावा. रात्री मुले निजल्यावर अंधारात बसून कोऱ्या फितीला भोके पाडीत. रसायने मिसळून फीत धुण्याचे कामही त्या शिकल्या. तारामतीचे काम मात्र त्यांनी केले नाही. सर्व कामे सांभाळून तेही कसे करणार? पडद्यावर त्यांचे नाव नाही. पुरुषाच्या यशाच्या कथा सांगताना आपण घरातील बाईला एका वाक्यात संपवतो, ही आपली जुनी खोड आहे. हिंदी चित्रपटाच्या पहिल्या फितीवर या माउलीच्या हातांचे कष्ट आहेत, हे आपल्या मुलींना आवर्जून सांगावे.

पुढे फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकास हलविले. गोदावरीचा काठ, डोंगर, देवळे, हा लहानपणचा परिसर आता त्यांच्या चित्रपटांचा रंगमंच झाला. १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या, आणि स्त्रियांनी पडद्यावर येण्याचा प्रारंभ झाला. १९१७ साली ‘लंकादहन’ने अफाट लोकप्रियता मिळविली, त्यात राम व सीता अशा दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या होत्या. पौराणिक कथांबरोबरच नाशिक-त्र्यंबकची दृश्ये, वेरूळची लेणी, उत्सव-मेळे असे वास्तव लघुपटही त्यांनी काढले. त्यांत एक आपल्या तळेगावचा आहे. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून पैसाफंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना काढला होता. त्या स्वदेशी उद्योगावर फाळक्यांनी लघुपट केला. स्वदेशीसाठी चाकरी सोडून मावळात आलेला हा माणूस, कॅमेरा घेऊन पुन्हा मावळात आला तो स्वदेशीचेच चित्र घ्यावयास!

१९१८ साली भागीदारांच्या साहाय्याने हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ व ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत त्यांची लहान कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. परंतु पुन्हा तोच प्रकार घडला. भागीदारांना हिशेब दिसत होता, फाळक्यांना कला दिसत होती. ते काशीस निघून गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, आणि काही काळाने पुन्हा कंपनीत परतले. दोष सर्वस्वी भागीदारांचा होता असे मी म्हणणार नाही. हिशेबाचा कंटाळा, एकहाती कारभाराची हौस, आणि पटले नाही की उठून जाणे, हे दादासाहेबांचे स्वभावदोष होते, आणि त्यांची किंमत त्यांच्या कुटुंबाने मोजली. थोरांची चरित्रे लिहिताना त्यांचे दोष लपवू नयेत. नाहीतर तरुणांना त्यांपासून काही शिकता येत नाही.

बोलपट आले आणि काळ झपाट्याने बदलला. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा मूकपट तयार होईपर्यंत लोकांना पडद्यावरचे बोलणे ऐकण्याची सवय लागली होती. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट व अखेरचे चित्र. सुमारे ९५ चित्रपट व २६ लघुपट निर्माण करणारा हा पुरुष वृद्धापकाळी आर्थिक विवंचनेत होता. चित्रपटधंद्याच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने काही निधी जमला, आणि त्यातून नाशिकास त्यांना घर झाले. ता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या धंद्यात तोवर कोट्यवधी रुपयांची उलाढाल होऊ लागली होती, त्याचा संस्थापक जवळजवळ विस्मरणात गेला होता.

मान मिळाला तो मागाहून. १९६९ सालापासून त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला व पहिला देविकाराणी यांस मिळाला. १९७१ साली टपाल तिकीट निघाले. गोरेगावच्या चित्रनगरीस त्यांचे नाव आहे, नाशिकास पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे. मळवलीचा रविवर्मा छापखाना मात्र १९७२ साली आगीत भस्मसात झाला. आज लोहमार्गावरून जाताना त्या बाजूस पाहिले, तर लोहगड-विसापूर तसेच उभे आहेत. पावसाळ्यात धबधबे पाहावयास हजारो लोक येतात, आणि जो तो कॅमेरा पुढे करून चित्रे घेतो. त्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल, की याच परिसरात एका माणसाने छायाचित्र व यंत्र यांचा संसार जुळवून पाहिला, आणि त्यातून पुढे एक नवी कलाच देशात जन्मास आली?

आता शेवटी चार शब्द आपल्या संघासंबंधी. मी आयुष्यभर मुलांना शिकविले. माझ्या वर्गात एक मुलगा गणिताच्या वहीत सतत चित्रे काढी. मी एकदा ती वही सर्वांसमोर फाडली. तो मुलगा पुढच्या वर्षी शाळेत आला नाही. दाजीशास्त्र्यांच्या जागी मी असतो, तर धुंडिराजाचे काय झाले असते, हा प्रश्न हे चरित्र लिहिताना मला वारंवार टोचत राहिला. आपला संघ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, शिष्यवृत्त्या देतो. परंतु त्या सर्व गुणपत्रिका पाहून. परीक्षेत मागे पडलेला, पण हाताने काही उत्तम करणारा मुलगा वा मुलगी आपल्या यादीत कधी येत नाही. छायाचित्रण असो, छपाई असो, सुतारकाम असो की शिवणकाम, ज्याच्या हातात कसब आहे त्याला एखादे हत्यार, एखादा कॅमेरा, निदान एखादे पुस्तक घेऊन देण्याची तरतूद शिक्षणनिधीत व्हावी, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे. रक्कम लहान असली तरी चालेल. वाटाण्याचा दाणाही लहानच होता.

पालकांनाही एक सांगणे आहे. मुलगा पहिल्या धंद्यात फसला, दुसऱ्यात फसला, म्हणून त्याला वाया गेलेला समजू नका. दादासाहेब पस्तिशीत छापखाना काढावयास आपल्या लोणावळ्यास आले, तेव्हा जगाच्या हिशेबाने ते तीनचार वेळा अपयशी ठरलेले गृहस्थ होते. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचा पहिला चित्रपट लोकांपुढे आला. अंकुर वर येण्यापूर्वी जमिनीखाली बरेच काही चाललेले असते. ते दिसत नाही म्हणून कुंडी उपटून टाकू नये.

कै. दादासाहेबांच्या व सरस्वतीबाईंच्या पुण्यस्मृतीस आपल्या सर्व ज्ञातिबांधवांच्या वतीने विनम्र अभिवादन करून हा लेख पुरा करतो.